मिरगाआधीचा हिशोब

गेल्या मे महिन्याच्या अखेरीस नांदगाव तिठ्याजवळच्या एका टायरच्या दुकानात आमच्या पिकअपची चारही चाके उतरवली होती आणि मी बाकड्यावर बसून जुन्या टायरच्या खाचांची शेवटची मापे वहीत उतरवत होते. नव्या रबराचा उग्र वास, कॉम्प्रेसरची धडधड आणि वर पत्रा तापल्यामुळे येणारी ती दुपारची झापड, असा सगळा माहोल होता. शेजारी पंक्चर काढून घेण्यासाठी थांबलेला एक गृहस्थ जवळ येऊन उकिडवा बसला. त्याने काढलेल्या टायरवरून एकदा पंजा फिरवला, कडा अंगठ्याने दाबून पाहिल्या आणि म्हणाला, "वयनी, ह्ये टायर देतलात काय? माका व्हयेत. अजून एक पावस आरामात काढतले." त्याच्या बोलण्यात अजिजी नव्हती की घासाघीसही नव्हती. बाजारात नीट पारखून वस्तू मागावी तसे ते मागणे होते. मला मात्र त्यातला 'पावस' तेवढा टोचत राहिला, कारण ते टायर मी केवळ येणाऱ्या पावसाच्या धास्तीने उतरवले होते.

वहीचे सांगायला हवे. गाडी घरात आली तेव्हापासून तिच्या डिझेलचा हिशोब माझ्याकडे आहे, आणि टायरचा हिशोब त्याच वहीच्या मागच्या पानांवर आपसूक सुरू झाला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी गाडी थंड असताना, प्रत्येक टायरची खोली तीन ठिकाणी मोजायची: आतली कड, मधला पट्टा आणि बाहेरची कड. त्यासाठी लागणारे गेज बोटभर लांबीचे असते आणि स्वस्तही असते. आमच्या गाडीच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले आहे. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि आतली रिम १५ इंचांची. नव्या टायरची खाच साडेआठ मिलिमीटर भरली होती. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे पूल असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या पुलांना टेकली की टायर कायद्यानेही संपला. म्हणजे साडेआठपैकी वापरायला मिळतात ते जेमतेम सात मिलिमीटर, आणि त्यावर आमची चार वर्षे गेली. गंमत अशी की टायर झिजून लहान होतो तसा गाडीचा मीटर थोडा पुढे धावू लागतो. घेर साधारण दोन मीटर वीस सेंटिमीटरचा. साडेपाच मिलिमीटर रबर गेले की तो साडेतीन सेंटिमीटरने घटतो, आणि मीटर शंभर किलोमीटरमागे दीडेक किलोमीटर जास्तीचा दाखवतो. भाड्याच्या गाडीत हा फरक कोणाच्या पथ्यावर पडत असेल, असा विचार माझ्या मनात येऊन गेला आहे.

तीन ठिकाणी का मोजायचे, तर टायर सगळीकडे सारखा झिजत नाही आणि त्याच्या असमान झिजण्यातही गाडीची दिनचर्या दिसते. आमचे मागचे टायर मधल्या पट्ट्यात जास्त झिजले होते. कारण साधे आहे. देवगडहून आंबा भरून निघताना मागच्या चाकांत भरपूर हवा लागते, ती भरली जाते, आणि परतीला गाडी रिकामी असली तरी ती हवा कोणी कमी करत नाही. हलकी गाडी फुगलेल्या टायरच्या मधल्या पट्ट्यावर घरी येते. पुढचे टायर उलट बाहेरच्या कडेला उतरले होते. फोंडा घाटातली वळणे चाकाच्या खांद्यावर घ्यावी लागतात आणि प्रत्येक वळण थोडे थोडे रबर घेते. डाव्या बाजूच्या दोन्ही टायरच्या भिंतींवर बारीक चिरा होत्या, त्या मात्र वळणांच्या नव्हत्या. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की आपण डावे चाक डांबराखाली उतरवतो, आणि तिथे साइडपट्टीची तुटकी धार व जांभ्याची खडी वाट बघत असते. पुढच्या डाव्या टायरवर आणखी एक गोष्ट हाताला लागत होती. आतून बाहेर पंजा फिरवला तर गुळगुळीत, बाहेरून आत फिरवला तर करवतीच्या दातांसारखी बारीक धार. म्हणजे चाकांची दिशा किंचित बिघडली होती आणि टायर सरळ लोळण्याऐवजी केसभर घासत चालला होता. अलाइनमेंट करून घेतल्यावर पुढच्या महिन्यापासून वहीतले आकडे शांत झाले. डोळ्यांना हे दिसले नसते. उन्हात उभ्या गाडीचा टायर डोळ्यांना नेहमी 'बरा' दिसतो.

वहीतून मला जे सर्वांत उपयोगी कळले ते असे, की टायरची झीज वर्षभर एका चालीने होतच नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी फारशी हलत नाही. कधी खताची पोती, कधी नारळ, कधी कणकवलीपर्यंतची फेरी. दिवाळीनंतर बागेची कामे, फवारणीचे पाणी आणि कातळावरचे दगडधोंडे सुरू होतात. खरी झीज मार्च ते मे या तीन महिन्यांत होते, जेव्हा गाडी भरलेली असते, रस्ता तापलेला असतो आणि वाशीला किंवा कोल्हापूरला वेळेत पोहोचण्याची घाई असते. तापलेल्या डांबरावर ओझ्याखालचे रबर भराभर उतरते. त्यामुळे एकूण झिजेला एकूण किलोमीटरने भागून 'अजून इतके महिने' असे उत्तर काढले तर ते कागदावर खरे आणि रस्त्यावर खोटे निघते. फेब्रुवारीत जो टायर साडेचार मिलिमीटर भरतो तो आंबा संपेपर्यंत तीनच्या आसपास येतो, आणि तो तीनवर येतो त्याच सुमारास मृग लागतो. कोरड्या रस्त्यावर तीन मिलिमीटरचा टायर चांगला धरतो, किंबहुना खाचा कमी झाल्याने रबर जास्तच टेकते. पाण्यावर गणित उलटते. चाकाखाली आलेले पाणी खाचांतून बाजूला फेकले गेले नाही तर रबर रस्त्याला टेकतच नाही, आणि हे फेकण्याचे काम कायद्याचे १.६ मिलिमीटर येण्याच्या बरेच आधीपासून मंदावते. आमच्याकडे तर पाऊस चार सरी पडून थांबत नाही. उतारावरच्या रस्त्याचाच वहाळ होतो.

म्हणून टायर बदलण्याचा दिवस मीटरवरून ठरवण्यापेक्षा पंचांगावरून ठरवावा, असे माझे मत झाले आहे.

त्यातही पेच आहेतच. मार्चमध्ये नवे टायर घातले तर त्यांची उत्तम नक्षी घाटातल्या उन्हात जाते. मेच्या अखेरीस घातले तर पूर्ण खोलीनिशी पाऊस भेटतो, शिवाय आंब्याचे पैसे हातात आलेले असतात. मी टायरची किंमत नेहमी पेट्यांत मोजते आणि मेमध्ये पेटीचा भाव उतरलेला असल्याने तो आकडा दरवर्षी मोठाच वाटतो. पण मेपर्यंत जुने टायर ओढायचे म्हणजे पातळ रबरावर, भर उन्हात, भरलेली गाडी घाट चढवायची. खिळा, काच, धारदार खडी यांना आत शिरायला तेव्हाच सर्वांत कमी अंतर उरलेले असते, आणि पंक्चर झाले की क्रेटमधला आंबा आपल्यासाठी पिकायचा थांबत नाही. वर वळीव आहेच. मेमधली ती पहिली सर, जी धूळ आणि सांडलेले तेल यांचा लगदा करून रस्ता बुळबुळीत करते, ती अनेकदा जूनच्या मुसळधार पावसापेक्षा वाईट. पंचांग पाळणाऱ्याला ढगांकडेही बघावे लागते.

पावसाची ही धास्ती मला उगाच लागलेली नाही. आधीच्या टायरच्या वेळी, वही अजून डिझेलपुरतीच होती तेव्हा, आम्ही कोल्हापूरहून रिकाम्या गाडीने परत येत होतो. दाजीपूरपर्यंत नुसते धुके होते आणि घाट उतरायला लागलो तसा पाऊस सुरू झाला. एका डाव्या वळणावर मी ब्रेकवर पाय ठेवला, अगदी हलका, आणि मागची बाजू आपल्या मनाने उजवीकडे निघाली. पुढची चाके माझे ऐकत होती, मागची ऐकत नव्हती. ते एका श्वासापुरतेच असेल. मग गाडी सरळ झाली, भाऊजी शेजारी झोपेतून जागेही झाले नाहीत, आणि मी पुढे फोंड्यापर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. नंतर विचार करताना ते कोडे सुटले. पिकअपची बांधणी ओझ्यासाठी. मागचे पाटे कडक, मागे वजन असेल तर चाके रस्त्याला घट्ट धरून राहतात. आमचा माल वर जातो आणि गाडी खाली येते ती हलकी. उतारावर ब्रेक मारला की उरलेसुरले वजनही पुढे झुकते आणि मागची चाके जवळजवळ नावालाच टेकलेली राहतात. त्यात टायर गोटा झालेले असले तर गाडीला मागे धरणारे काहीच नसते. भरलेली गाडी जपून चालवायची असते असे सगळे सांगतात; रिकाम्या गाडीबद्दल कोणी बोलत नाही.

यावरून आमच्या घरात एक वाद कायमचा आहे. भाऊजींनी ट्रकवर दिवस काढले आहेत आणि त्यांच्या मते नवा टायर नेहमी पुढे, कारण पुढचा फुटला तर स्टेअरिंग हातचे जाते. मागे जुना चालतो, रिमोल्ड म्हणजे जुन्यावर नवे रबर चढवलेलाही चालतो. टायर बनवणारे मात्र दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे घाला असे सांगतात, कारण पुढची चाके घसरली तर चालकाला स्टेअरिंगवर कळते आणि वेग उतरवता येतो, मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. दहा चाकांच्या ट्रकचा अनुभव आणि चार चाकांच्या पिकअपचे गणित एकच नाही, असे मी म्हणते. भाऊजी म्हणतात, घाट दोघांना एकच आहे. त्यांचे हे म्हणणे मला खोडता येत नाही, पण मी टायर मागेच घालते.

किलोमीटरखेरीज टायरला वयही असते. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या स्टेपनीवर ३८१७ आहे, म्हणजे २०१७ सालचा अडतिसावा आठवडा. ती क्वचितच रस्त्याला लागली, तिची नक्षी आजही नवी दिसते, आणि तरीही मला तिचा भरवसा वाटत नाही. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात आणि भिंतीवर बारीक भेगांचे जाळे धरते. बहुतेक उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करायला आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी टायर काढायला सांगतात, आणि त्यात स्टेपनीही येते. किनाऱ्यावर खाऱ्या हवेची भर पडते. ती रबरापेक्षा रिमला खाते. रिमची कड गंजली की ट्यूबलेस टायर तिथून हळूहळू हवा सोडतो आणि आपण पंक्चर शोधत बसतो.

हे सगळे मोजताना एकदा मनात आले, की झिजलेले रबर गेले कुठे? गणित मांडून पाहिले. टायरचा घेर, रस्त्याला टेकणारी रुंदी, गेलेली साडेपाच मिलिमीटर खोली, आणि खाचांची जागा वजा. एका टायरचे साधारण दीड किलो, चारांचे सहा. आमच्या जिल्ह्यात दोडामार्गकडे गेले की केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी लावलेल्या रबराच्या बागा लागतात. झाडाच्या सालीवर तिरका काप, खाली वाटी, आणि पहाटेच्या गारव्यात तिच्यात थेंबथेंब जमणारा पांढरा चीक. ओझ्याच्या टायरमध्ये अशा नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त ठेवतात, कारण ते वजनाखाली कमी तापते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर आणि गंधक यांना उष्णतेने एकत्र बांधले नसते तर तो चीक उन्हाळ्यात वितळला असता. इतक्या खटाटोपाने बांधलेले ते रबर आम्ही चार वर्षांत काळी धूळ करून फोंडा घाटात आणि देवगडच्या रस्त्यावर पसरले. पहिला पाऊस ती धूळ गटारात नेतो, गटार वहाळात, वहाळ खाडीत. टायरला ओझोनपासून वाचवण्यासाठी त्यात ६पीपीडी नावाचे रसायन घालतात. त्याची ओझोनशी गाठ पडली की जे दुसरे रसायन तयार होते ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत उतरून अंडी घालायला चढणाऱ्या कोहो सामन माशांना मारते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२०च्या अखेरीस दाखवून दिले. सामन आमच्याकडे नाहीत. पण मिरगाच्या पहिल्या पावसात आमच्या वहाळांतही मासे चढणीला लागतात, आणि रात्री बॅटऱ्या घेऊन ते धरायला जाणाऱ्यांत मी लहानपणी असायची. ही माहिती वाचल्यापासून मला वहीतला 'झीज' हा रकाना जरा निराळा दिसतो.

उरलेल्या टायरचे काय करायचे, हा प्रश्न त्यामानाने सोपा वाटायला हवा. देवगडच्या बंदरात जुने टायर ट्रॉलरच्या अंगाला आणि धक्क्याला बांधलेले असतात, तिथे ते मार खात वर्षे काढतात. कोणी विहिरीजवळ माती थोपवायला लावतो, कोणी पोरांना झोपाळा करतो. काहीच केले नाही आणि टायर परसात पडून राहिला तर पावसात त्याच्या पोटात पाणी साचते, आणि डेंग्यूच्या डासाला त्याहून सोयीची जागा नाही. त्याची अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात. होळीत टायर टाकणाऱ्यांविषयी मी इथे काही लिहीत नाही, ते तोंडावर बोलून झाले आहे.

त्या गृहस्थाला मी विचारले, गाडीत काय भरता? "चिरे," तो म्हणाला. चिरेखाणीवरून जांभा भरून निघणारी जुनी पिकअप म्हणजे काय, हे डोळ्यांसमोर आले. ओझे कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त, रस्ता खाणीचा. पुढचे टायर बाहेरच्या कडेला २.४ मिलिमीटर होते, डाव्याच्या भिंतीवर चिरा. मागचे मध्ये ३.२ आणि कडांना ३.९, अंगाने स्वच्छ. मी म्हटले, "दादा, मागचे दोन घेऊन जा. पुढचे देणार नाही." त्याने का ते विचारले नाही. त्याच्या गाडीखाली मी वाकून पाहिले तेव्हा त्याचेही कारण कळले: त्याच्या मागच्या एका टायरमधून धाग्यांची जाळी दिसत होती. माझ्या वहीप्रमाणे पावसाला नालायक ठरलेला टायर त्याच्या गाडीवर चढला तर ती गाडी आदल्या दिवसापेक्षा सुरक्षित होणार होती. हे कळूनही माझे समाधान झाले नाही. त्या टायरांवर तो चिरे भरून पावसात उतार उतरणार होता, आणि 'तीनच्या खाली गेले की पावसात फिरवू नका' हे माझे वाक्य त्याने ज्या सौजन्याने ऐकून घेतले त्यावरून त्याचे पुढे काय होणार ते दिसत होते. दुकानदार जुन्या टायरचे जे पैसे देतो तेवढे मी त्याच्याकडून घेतले. फुकट दिले असते तर मला बरे वाटले असते, आणि नेमके तसे बरे वाटून घेणे मला नको होते. पुढचे दोन भाऊजींनी बंदरावर पोहोचवले.

त्यानंतर मी वहीतली योजना बदलली. चारही टायर एकदम घेतले की चारही एकदम म्हातारे होतात, आणि शेवटच्या उन्हाळ्यात संपूर्ण गाडीच पातळ रबरावर उभी असते. यापुढे दर दोन पावसाळ्यांनी एक जोडी घ्यायची, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, वळवाचा रंग पाहून. नवी जोडी मागे, मागची जोडी पुढे, आणि पुढची काढायची ती तीन मिलिमीटरच्या वर असतानाच, म्हणजे ती कोणी मागितली तर देताना माप लपवावे लागणार नाही. पहिली फेरी २०२७च्या मेमध्ये येते. त्याच वर्षी ती ३८१७ची स्टेपनी दहा वर्षांची होईल, म्हणून त्या महिन्यात दोनाऐवजी तीन टायर लिहून ठेवले आहेत, आणि समोर पेट्यांचा आकडा अजून कोरा आहे. भाऊजींनी पान वाचले, 'नवी जोडी मागे' याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि बाजूला प्रश्नचिन्ह काढून वही परत केली.